परातीच्या पोटातलं नाव

माझा भाऊ नाथा भोईर याने आयुष्यात हाती घेतलेली एकही गोष्ट पुरी केलेली नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, त्यामुळे इथे लिहायला माझी काही हरकत नाही. त्याची असेल तर त्याने लेखी कळवावं. तेही तो अर्धंच लिहील. त्याच्या घरात माशांची टाकी आहे, मासे नाहीत. शिडी आहे, तिला वरच्या तीन पायऱ्या नाहीत. देव्हाऱ्याला एकच दार आहे आणि दुसऱ्या दाराचं काम गेली नऊ वर्षं "चालू हाय".

फक्त नोकरीत तो काम पुरं करतो, कारण तिथे सुरुवात दुसऱ्या कोणीतरी केलेली असते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात नाथा पस्तीस वर्षं पॉलिश मारतोय. मळकट, काळपट भांडं त्याच्या हातात जातं आणि बाहेर येतं तेव्हा त्यात बघून भांग पाडता येतो. स्टीलवर चरा दिसला की त्याला जेवण जात नाही. घरातली शिडी बघून मात्र दोन भाकऱ्या जास्त जातात.

आम्ही तिथल्याच गोडदेव गावचे. वडिलांचं, म्हणजे धाकू भोईरांचं, मिठागर होतं, थोडी भातशेती होती. आता त्या जागेवर सात मजली बिल्डिंग आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर नाथा, त्याची बायको द्वारका आणि मुलगी दिशा राहतात, आणि दुसऱ्यावर मी एकटी. नाथाच्या घरात जे काही ठोकलं, कापलं, घासलं जातं ते सगळं मला छतातून ऐकू येतं. मी पालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. पोरांनी अनुस्वार खाल्ला की मी लाल पेनाने एवढा मोठा गोल करायची की पान फाटायचं. ही माहिती पुढे लागेल म्हणून आत्ताच देऊन ठेवते.

गिटारचं वेड जुनं आहे. तरुणपणी नाथा बाळारामच्या बेंजो पार्टीत, म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या बँडमध्ये, होता. आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी नसेल तर लोक विचारतात, कोणी वारलं का? त्या पार्टीत नाथा बास गिटार वाजवायचा. चार जाड तारा, त्यातून धूम धूम असा खालचा आवाज. बाकीचे पुढे उभे राहून नाचायचे, नाथा मागे लाऊडस्पीकरच्या पेटीशेजारी उभा राहायचा आणि तो नसता तरी चाललं असतं असं सगळ्यांना वाटायचं. बाळारामलाही एक दिवस तसंच वाटलं. त्याने गिटार विकून कीबोर्ड घेतला. कीबोर्डवाल्याचा डावा हात बास वाजवतो म्हणे. माझा भाऊ एका डाव्या हातापुढे हरला, तो वीस वर्षं गप्प राहिला.

दिशाचं लग्न ठरलं आणि हा बोलला. "हलदीला मी सोता वाजवनार. आनि गिटार बी सोता बनवनार."

विकत मिळते, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला हॉटेलातून पुरणपोळ्या मागवायला सांगितलं. मिठागरात भरतीचं पाणी घ्यायला जे लाकडी दार होतं, त्याची सागवानी फळी माळ्यावर पडून होती. ती त्याने काढली. (दुसऱ्याची शिडी आणून.) तिला करवतीने गिटारचा आकार दिला. मान तेवढी तयार आणली, ते देवाचे उपकार. फळी एवढी जड की गिटार गळ्यात अडकवली की नाथा सगळ्यांना वाकून नमस्कार करतोय असं वाटायचं. पहिल्या मजल्यावरचे विपुलभाई जिना चढून विचारायला आले, "नाथाभाई, गिटार बना रहे हो कि बोरवेल खोद रहे हो?"

बोरवेलच होती. आवाज पकडायचा लोहचुंबक बसवायला लाकडात खोबण करावी लागते. नाथाने ती छिन्नीने केली, चुकीच्या जागी केली, मग बरोबर जागी केली, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून तिथे घूस शिरेल एवढं बीळ झालं. ते झाकायला स्क्रॅचप्लेट हवी. तारांच्या खाली गिटारच्या अंगावर एक पत्रा बसवतात, वाजवणाऱ्याच्या नखांनी लाकडावर चरे पडू नयेत म्हणून. लोकांची प्लेट लाकूड वाचवते. आमची अब्रू वाचवणार होती.

दिशाने हे सगळं शांतपणे बघितलं. ती मीरा रोडला एका लॅबमध्ये काम करते, तिला गोष्टी वेळेवर लागतात. लहानपणी बापाने तिला बाहुलीचं घर करून द्यायचं कबूल केलं होतं. त्या घराला अजून छप्पर नाही. हळदीला दहा दिवस उरले तेव्हा बाळाराम गाण्यांची यादी घ्यायला आला. ती त्याला म्हणाली, "काका, कीबोर्डवाल्याचा डावा हात तयार ठेवा हां." हसत म्हणाली. नाथा तिथेच प्लेटचा कागद कापत बसला होता. त्याची कात्री थांबली, मग पुन्हा चालू झाली. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, पण चहा मात्र मी त्याला दुसऱ्यांदा दिला.

पहिली प्लेट त्याने गाळ्यातल्या तुकड्याची केली. पत्रा डब्याच्या झाकणाएवढा पातळ. तार छेडली की गिटार धूम म्हणायची आणि प्लेट झीऽऽ म्हणायची, आणि झीऽऽ बराच वेळ टिकायचं. दुसरी जाड पत्र्याची. ती पॉलिशच्या कापडी चाकावर धरली आणि कडा चाकात अडकली. ते चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. प्लेट त्याच्या हातातून सुटली, गाळ्यातल्या कॅलेंडरमधल्या लक्ष्मीच्या कमळात शिरली आणि वाकली. पस्तीस वर्षांत त्याच्या हातून एक वाटी उडाली नव्हती. तिसरी प्लेट मात्र अप्रतिम झाली. भोकं आधी पाडली, कानशीने कडा मारल्या, मग एमरीचं खरखरीत चाक, मग कापडी चाक, मग पॉलिशचा हिरवा साबण. आरसा. घरी आणून गिटारवर ठेवली तर बसेना. मापाचा कागदच पत्र्यावर उलटा चिकटवला होता. बरोबर बसवायची तर आरसा लाकडाकडे आणि काळी पाठ लोकांकडे. द्वारका म्हणाली, "असू दे, आतून छान हाय." त्या बाईचा संसार या एका वाक्यावर चाललाय.

हळदीला सहा दिवस होते. त्या दिवशी नाथा खाली माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाय, आयची परात दे. हलदीला लागंल ना, चकाचक करून देतो." तो मला बाय म्हणतो, मोठ्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात.

या परातीचं सांगायला हवं.

आमच्या घरातल्या मुलीची हळद आईच्या परातीत कालवायची, हा रिवाज आईनेच पाडला. माझी हळद त्याच परातीत कालवली होती. पन्नास वर्षांपूर्वी आईने भाईंदरच्या बाजारातून ती आणली. तोपर्यंत घरात पितळेची आणि जर्मनची भांडी. ही घरातली पहिली स्टीलची वस्तू, दोन हात लागावेत एवढी जाड आणि जड. दुकानाच्या ओट्यावर नाव घालणारा बसायचा, छिन्नी-हातोडीने टकटक करत भांड्यावर ठिपक्यांची अक्षरं काढायचा. गावात कोणाचंही लग्न असलं की सगळ्यांची भांडी गोळा व्हायची, त्यामुळे नावाशिवाय भांडं परत येत नसे. बाकीच्या बायका काठावर नाव घालायच्या. आई म्हणाली, पोटात घाल, मधोमध. ती काठावर राहणाऱ्यांतली नव्हती.

आईचं नाव हंसा. नाव घालणाऱ्याने घातलं "सौ. हसा धाकू भोईर". त्याची सगळी अक्षरंच ठिपक्यांची, त्यात एक ठिपका कमी पडला तर कोणाला कळतंय? आईला वाचता येत नव्हतं. मी चौथीत होते. तिने ओट्यावरच परात माझ्यापुढे धरली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मंदे, माझाच नाव हाय ना यो?"

तिचा चेहरा मी बघितला आणि हो म्हणाले.

एवढीच माझी चूक. पुढे चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या फाडल्या त्या याच्याच रागाने, हे आता कबूल करायला काय जातंय. गावात परातीचं नावच "हसा" पडलं. लग्नघरातून परत आली की पोरं ओरडायची, "हसा आली, हसा!" आणि बायका हसायच्या. आईला वाटायचं, आपली परात सगळ्यांच्या लाडाची आहे. तिने तांदळाचं पीठ मळलं की अक्षरं पांढरी भरायची, आणि मला रोज सकाळी पांढऱ्यावर माझं खोटं वाचायला मिळायचं.

म्हातारपणी आई प्रौढ वर्गात गेली. सही शिकली. घरी आली, हात धुतले आणि परात पुढे घेऊन बसली. बराच वेळ बोटाने चाचपत होती. "मंदे, बाईंनी ह वर टिंब शिकवला. हितं टिंब कुठं हाय?"

मी म्हटलं, "भाकऱ्या थापून थापून घासलं गेलं गं."

तिने मान डोलावली. त्या दिवसापासून मरेपर्यंत ती परात घासताना नावापाशी हात हळू करायची. आपल्याच हाताने आपलं टिंब घालवलं अशी तिची समजूत झाली होती, आणि ती मी करून दिली होती. आईचं नाव असलेली दुसरी वस्तू आमच्याकडे नाही. वीजबिलं, सातबारा, सगळ्यावर बापाचं नाव. तर ती परात मी नाथाला दिली. पॉलिश हे एकच काम मी त्याच्यावर डोळे मिटून सोपवू शकते, असा माझा समज होता.

दोन दिवसांनी द्वारका खाली आली ती पदराआड काहीतरी लपवून. मी पदर ओढला. परातीचा काठ होता. नुसता काठ, गोल, मधे काही नाही. गळ्यात घालून मिरवण्यासारखा.

मी तीन-तीन पायऱ्या एका दमात चढत वर गेले. नाथा बाल्कनीत बसला होता. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, मी शिक्षिका होते. एवढंच सांगते, की विपुलभाईंनी पहिल्या मजल्यावर टीव्ही बंद केला.

"तुला जगात दुसरा पत्रा मिळाला नाही?"

"तसा जाड आनि सपाट आता येत न्हाय, बाय."

"अरे, आईचं नाव होतं त्याच्यावर! तू पॉलिशवाला. चाकावर धरलंस म्हणजे गेलं ते!"

"नाव हाय तितंच. चाकाव न्हाय धरला." त्याने बोटं दाखवली. टोकं काळी पडून सोलली होती. "नावाच्या भवताली हातानं केला. काठीला चिंधी गुंडालून. बघ तरी."

मी बघितलं नाही. मी म्हटलं, दिशाची हळद आता प्लास्टिकच्या टबात कालवा, आणि खाली आले. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. दिशा एकदा येऊन गेली. "आत्या, माझं लग्न आहे की तुमच्या दोघांची कोर्टकेस?" मी तिला विचारलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "आला ना. पण पप्पा रोज कामावरून येऊन तेवढंच घासत बसलेत. एका जागी एवढे दिवस मी त्यांना कधी बघितलंच नाहीये." मग जाता जाता म्हणाली, "पुरं व्हायचं नाही बहुतेक. पण मला बघायचंय."

हळदीच्या दिवशी संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात मांडव होता. धवलारिणी, म्हणजे आमच्याकडे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या बायका, पाटाभोवती बसून गात होत्या. बाळारामने पेट्या रचल्या, तारा जोडल्या. त्याचा कीबोर्डवाला डाव्या हाताची बोटं मोडून बसला होता. हळद कालवायला मी माझीच एक नवी परात आणली होती. त्या परातीवर कोणाचंच नाव नव्हतं.

नाथा जिन्यावरून उतरला. चादरीत गुंडाळलेलं ते धूड त्याने पोर धरावं तसं धरलं होतं. दिशाच्या पाटासमोर त्याने चादर काढली.

मी वाईट बोलायच्या तयारीत होते, त्यामुळे मला जे दिसलं ते सांगायला जड जातंय. मांडवातल्या सगळ्या माळा त्या प्लेटमध्ये पेटल्या होत्या. दिशाचा चेहरा त्यात होता, नाकातल्या नथीसकट. कडा बोट कापणार नाही अशा गोल. स्टीलचे अकरा स्क्रू पत्र्यात असे बसवलेले की हात फिरवला तर कळू नये. लाकडातलं ते बीळ कुठे गेलं, देव जाणे. मी दोष शोधत होते आणि अखेर मला तो सापडला. प्लेटच्या मधेच, जिथे काहीही धरून ठेवायचं नव्हतं, तिथे बारावा स्क्रू होता. बारीक, पितळेचा, आणि तो पुरता आत गेला नव्हता. थोडा वर राहिला होता.

"हा एक राहिला तुझा," मी म्हटलं. चार दिवसांनी मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "पिळायचा अर्धाच सोडलास."

नाथाने गिटार माझ्यापुढे धरली. एक धवलारीण मला म्हणाली, "हसाच्या परातीची हलद लागली पायजे पोरीला, तवा आदी त्या पत्र्याला लाव की." तेव्हा मी नव्या परातीतली ओली हळद चिमटीत घेतली आणि गिटारवर, जिथे नाव असेल तिथे, अंगठ्याने चोळली. वरची पुसून घेतली. ठिपक्यांमध्ये हळद राहिली आणि आरशात पिवळी अक्षरं उमटली. चष्मा नसतानाही मला ती वाचता येतात.

सौ. हंसा धाकू भोईर.

पितळेचा स्क्रू बरोबर ह च्या डोक्यावर होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो गिटारचा पट्टा गळ्यात अडकवत होता. "तुला माहीत होतं?"

"मी दुसरीत वाचला, बाय. तू आयला सांगितलंस घासून गेला, तवा मी मागंच व्हतो." त्याने माझा हात धरला आणि माझं बोट त्या अक्षरांवरून नेलं, आई न्यायची तसं. बोट स्क्रूला अडलं. "म्हनून वर ठेवलाय. बोटाला लागला पायजे. आता कितीबी घास, जात न्हाय."

मला रडू आलं. मी ते भर मांडवात रडून घेतलं, आणि दिशाने हळदीच्या हाताने माझे डोळे पुसले त्यामुळे ते आणखी चुरचुरले. बाळारामने माइकमधून विचारलं, सुरू करायचं का? दिशा कीबोर्डवाल्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, डावा हात खिशात."

नाथाने अंगठा आईच्या नावाखाली टेकवला आणि पहिला सूर वाजवला. चुकीचा होता. पण मग त्याने ते गाणं शेवटपर्यंत वाजवलं.